जालाधारित रूपरेषा-साधने

जालाधारित रूपरेषा-साधने म्हणजे लेखनाचे मुद्दे, उपमुद्दे व टिपणे न्याहाळकात (ब्राउझरमध्ये) श्रेणीबद्ध रीतीने मांडण्याची सोय देणाऱ्या संगणकप्रणाली होत. त्यांत प्रत्येक मुद्दा स्वतंत्र घटक असतो. तो उपमुद्द्यांसह मिटवता, उलगडता किंवा उचलून दुसरीकडे नेता येतो. मजकूर मुख्यतः सेवादात्याच्या दूरस्थ संगणकावर साठवला जात असल्याने आंतरजाल-जोडणी नसताना तो कसा उपलब्ध व्हावा, हा या साधनांसंबंधीचा महत्त्वाचा प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

रूपरेषा आखून लिहिण्याची रीत मराठी वाचकास अपरिचित नाही. शालेय परीक्षेत दिलेल्या मुद्द्यांवरून कथा लिहावयाची असते. शिक्षकाचे पाठटाचण हीदेखील एक रूपरेषाच होय. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली वाई येथे सिद्ध होऊन १९७६ पासून खंडशः प्रसिद्ध झालेला मराठी विश्वकोश यांसारखी कामे तर विषय, उपविषय व नोंदी यांची मांडणी आधी ठरवल्याखेरीज उभीच राहू शकत नाहीत. कागदी रूपरेषेची अडचण एकच, परंतु मोठी असते: तिसरा मुद्दा पहिला करावयाचा झाल्यास सर्व पान पुन्हा उतरून काढावे लागते.

संगणकाने ही अडचण दूर केली. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगलबार्ट यांनी दिलेल्या प्रात्यक्षिकात बाजारहाटाच्या यादीची वर्गवारी करून ती पडद्यावर मिटवून व उलगडून दाखवली होती. १९८३ मध्ये डेव्ह वाइनर यांच्या ‘थिंकटँक’ने ही सोय घरगुती संगणकावर आणली. हा मजकूर लेखकाच्या स्वतःच्या चकतीवर राहत असे. त्यामुळे जोडणीचा प्रश्नच नव्हता. २०१० मध्ये आलेल्या ‘वर्कफ्लोवी’सारख्या साधनांनी तोच मजकूर घरी, कार्यालयात आणि भ्रमणध्वनीवर एकसारखा दिसू लागला. सोय वाढली, मात्र मजकुराचा ताबा लेखकाच्या घराबाहेर गेला.

जोडणीविना वापर

वीज व जोडणी अखंड असलेल्या शहरी लेखकास हा प्रश्न गौण वाटण्याचा संभव आहे. पनवेल तालुक्यातील नेऱ्यासारख्या गावात पावसाळ्यात तो तसा वाटत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकल्यानंतर जिल्ह्याच्या दक्षिण भागातील अनेक गावांत कित्येक दिवस वीज व भ्रमणध्वनी-सेवा बंद होती. अशा वेळी केवळ दूरस्थ संगणकावर असलेली टिपणे, ती सुरक्षित असूनही, लेखकाच्या उपयोगाची नसतात.

यावर उपाय म्हणून आधुनिक न्याहाळक संकेतस्थळाची पाने व वापरकर्त्याचा मजकूर यांची एक प्रत यंत्रावरच ठेवू शकतात. ‘सर्व्हिस वर्कर’ हा न्याहाळकातील घटक जोडणी नसताना पान यंत्रावरील प्रतीतून उघडतो आणि ‘इंडेक्स्डडीबी’ या न्याहाळकातील साठ्यात केलेले बदल नंतर दूरस्थ संगणकाकडे रवाना होतात. परंतु या प्रतीस कायमस्वरूपी साठा समजणे धोक्याचे आहे. न्याहाळकातील ‘संकेतस्थळांची माहिती पुसा’ ही आज्ञा दिली की न पोहोचलेले बदलही तिच्याबरोबर जातात. ॲपलच्या ‘सफारी’ने तर २०२० पासून, वापराचे सात दिवस उलटूनही ज्या संकेतस्थळास वापरकर्त्याने हात लावलेला नाही, त्याचा असा साठा आपोआप पुसण्याचे धोरण स्वीकारले; मुख्य पडद्यावर जोडलेली संकेतस्थळे त्यातून वगळली आहेत.

दुसरी अडचण एकाच मुद्द्यात दोन यंत्रांवर, जोडणीविना, वेगवेगळे बदल झाल्यास उद्भवते. काही प्रणाली शेवटी पोहोचलेला बदल ग्राह्य धरतात आणि आधीचा गुपचूप नाहीसा होतो. दोन्ही प्रती राखून निवड लेखकावर सोपवणे त्रासाचे असले, तरी लेखनाच्या दृष्टीने तेच श्रेयस्कर म्हणावे लागेल. २०१९ मध्ये ‘इंक अँड स्विच’ या संशोधनगटाने ‘लोकल-फर्स्ट’ (स्थानिक-प्रथम) ही कल्पना मांडली. तीनुसार मूळ प्रत लेखकाच्या यंत्रावर असते आणि जालाचा उपयोग केवळ प्रती जुळवण्यापुरता होतो. ‘डायनलिस्ट’ हे जालाधारित साधन घडवणाऱ्यांनीच २०२० मध्ये ‘ऑब्सिडियन’ आणले, ज्यात टिपणे वापरकर्त्याच्या संगणकावर साध्या मजकूर-संचिकांत राहतात. ‘ईमॅक्स’मधील ‘ऑर्ग-मोड’ २००३ पासून याच पद्धतीने चालत आले आहे, मात्र ते शिकण्यास चिकाटी लागते.

निर्यात आणि देवनागरी

साधन कोणतेही असो, रूपरेषेची प्रत नियमितपणे उतरवून घेणे हा सर्वांत भरवशाचा मार्ग होय. त्यासाठी ‘ओपीएमएल’ हे २००० पासून प्रचलित असलेले स्वरूप बहुतेक साधनांना समजते. त्यात मुद्द्यांची श्रेणी टिकते, रंग व खुणा मात्र टिकतीलच असे नाही. साध्या मजकुरात निर्यात करताना युनिकोडचा ‘यूटीएफ-८’ प्रकार निवडावा, अन्यथा देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात.

मराठीपुरती आणखी एक दक्षता घ्यावी लागते. ‘दुसऱ्या’तील अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो: ‘ऱ’ व हलन्त यांनी, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांनी. काही प्रणाली हे अदृश्य चिन्ह गाळतात आणि शब्द ‘दुसर्या’ असा रफारयुक्त होऊन बसतो. शोध घेतानाही एका प्रकारे लिहिलेला शब्द दुसऱ्या प्रकाराने सापडेलच असे नाही. म्हणून निर्यात केलेली संचिका एकदा दुसऱ्या प्रणालीत उघडून असे शब्द तपासावेत आणि मगच मूळ रूपरेषा पुसावी.