शिडीवरची आपली पायरी

"तुम्ही स्वतःला कोणत्या वर्गातले समजता?" हा पाहणीतला प्रश्न दिसतो साधा. पण मीरा रोडला स्वतःचा फ्लॅट असलेले गृहस्थ आणि भाईंदरच्या चाळीतले भाडेकरू, दोघेही "आम्ही मध्यमवर्गीय" म्हणाले तर मला नवल वाटणार नाही. दोघांपैकी कोणीही खोटे बोलत नसते.

शिक्षण, वस्तू मोजता येतात. २०११ साली आपल्याकडच्या बाजार-पाहण्यांसाठी एक पद्धत आली. मुख्य कमावत्या व्यक्तीचे शिक्षण आणि ठरलेल्या ११ वस्तूंपैकी घरात किती आहेत, यावरून कुटुंबाची श्रेणी ठरवायची. पण माणूस स्वतःला कुठे पाहतो, हे त्यातून कळत नाही.

ते विचारावेच लागते, आणि तिथे शब्द घात करतात. अमेरिकेत १९४० साली वरचा, मधला, खालचा असे तीनच पर्याय दिले, तेव्हा सुमारे ८० टक्के लोक मध्यमवर्गीय निघाले. १९४५ साली रिचर्ड सेंटर्स यांनी 'कामगार वर्ग' हा चौथा पर्याय दिला आणि निम्म्याहून अधिक लोकांनी तोच निवडला! 'खालचा' म्हणवून घ्यायला माणूस कचरतो. 'कामगार' म्हणायला नाही.

म्हणून नॅन्सी ॲडलर यांनी २००० साली मांडलेली युक्ती मला आवडते. दहा पायऱ्यांच्या शिडीचे चित्र दाखवायचे आणि आपल्या पायरीवर खूण करायला सांगायचे. पण शिडी कोणाची? आपल्या देशाची की आपल्या ओळखीच्या लोकांची? दोन्ही वेगवेगळ्या विचाराव्या लागतात.

मीरा-भाईंदरमध्ये हा फरक फार जाणवतो. २००१ साली इथली वस्ती सव्वापाच लाखांच्या आसपास होती. २०११ मध्ये ती आठ लाखांवर गेली. बाहेरून आलेल्या माणसाच्या मनात अनेक शिड्या असतात. गावच्या भावकीत तो वरच्या पायरीवर असतो, दादरच्या मामेभावापुढे खालच्या.

याचे महत्त्व केवळ अभ्यासापुरते नाही. ॲडलर यांच्या पाहणीत या खुणेचा आरोग्याशीही संबंध दिसला. शिवाय स्वतःला 'मधले' समजणारा माणूस हक्काच्या सवलतीसाठीही अर्ज करायला संकोचतो.

तेव्हा पाहणीवाला दारात आला, तर उत्तर जरूर द्या, पण आधी त्याला विचारा, "कोणाच्या तुलनेत?"