अंडीं उबविण्याच्या यंत्रांतील उष्णतानियामक : दोष कसा ओळखावा

कोंबडीचें अंडें यंत्रांत ठेविल्यापासून पिलूं बाहेर येण्यास २१ दिवस लागतात. या मुदतींत उष्णतानियामक, म्हणजे ज्यास थर्मोस्टॅट म्हणतात तो, थोडा वेळ जरी बिघडला तरी सर्व श्रम व खर्च व्यर्थ जाण्याची भीति असते. यास्तव दोष नेमका कोठें आहे, हें कुक्कुटपालन करणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्यास स्वतः ओळखतां आलें पाहिजे.

पंखा असलेल्या यंत्रांत उष्णतामान फॅरनहाइटचे ९९.५ ते १०० अंश, व पंखा नसलेल्या यंत्रांत अंड्यांच्या वरच्या पातळीस १०१ ते १०२ अंश असावें. येथें एक भेद ध्यानांत ठेवावा. यंत्र तीन-चार तास ९० अंशांवर राहिलें तर गर्भाची वाढ मंदावते. परंतु १०५ अंशांवर अर्धा तास गेला तरी गर्भास गंभीर इजा होते. म्हणून वीज न तोडणारा नियामक हा वीज न जोडणाऱ्या नियामकापेक्षां अधिक घातक होय. उष्णता वाढलेली दिसतांच प्रथम वीज बंद करून झांकण उघडावें. चौकशी मागाहून करावी.

पहिली परीक्षा थर्मामीटरची. पुष्कळदां दोष नियामकाचा नसून त्याचाच असतो. सुमारें १०० अंशांच्या कोमट पाण्यांत यंत्रांतील थर्मामीटर व ताप पाहण्याचा थर्मामीटर शेजारीं शेजारीं धरावे. दोहोंत एका अंशाचा जरी फरक आढळला तरी यंत्रांतील थर्मामीटर बदलावा. यंत्रावर ऊन किंवा वाऱ्याचा झोत येत नाहीं ना, हेंही पाहावें.

दुसरी परीक्षा चकतीची. साध्या यंत्रांत पातळ पत्र्याची पोकळ चकती असून तींत ईथर भरलेलें असतें. उष्णतेनें ती फुगते व बटण दाबून वीज तोडते. निवतांच बसते व वीज पुन्हां जोडली जाते. चकतीस बारीक छिद्र पडलें तर ती फुगत नाहीं, आणि वीज अखंड चालू राहते. वीज पूर्णपणें तोडून चकती काढावी व हातास सोसेल अशा गरम पाण्यांत धरावी. चांगली चकती लागलीच फुगते. न फुगल्यास किंवा बुडबुडे आल्यास ती टाकून नवी घालावी. ईथर पेट घेतें, म्हणून जवळ दिवा किंवा विस्तव नसावा.

तिसरी परीक्षा बटणाची. ठिणग्यांमुळें आंतील टोंकें काळीं पडलीं तर वीज जुळत नाहीं. तींच परस्परांस चिकटलीं तर वीज तुटत नाहीं. दोन्ही प्रसंगीं नवें बटण जाणत्या कारागिराकडून बसवून घ्यावें.

आंकडे दाखविणाऱ्या नव्या नियामकांतही हाच विचार लागू पडतो. आंकडा ठरविलेल्या मर्यादेपलीकडे गेला असूनही तार तापतच असेल, तर दोष आंतील बटणाचा समजावा. आंकडा योग्य पण पारखलेला थर्मामीटर अधिक दाखवीत असेल, तर उष्णता जाणणारें टोंक जागेवरून सरकलें आहे किंवा बिघडलें आहे असें समजावें.

दुरुस्तीनंतर यंत्र एक अहोरात्र रिकामें चालवावें. उष्णतामान स्थिर राहिलें तरच अंडीं ठेवावीं. एक जादा चकती घरीं असणें हें शेंकडों अंडीं गमावण्यापेक्षां केव्हांही स्वस्त आहे.