संक्रांत, माजी सैनिक दिन आणि आमचं नाव

आम्ही सातारा जिल्ह्यातल्या, माजी सैनिकांच्या घरातल्या बायका. 14 जानेवारी म्हटलं की तुमच्यासारखंच आमच्याही डोळ्यांपुढे सुगडं, तिळगूळ आणि वाण येतं. पण त्याच तारखेला देशभर माजी सैनिक दिनही असतो. घरातला माणूस छातीवर पदकं लावून तालुक्याला कार्यक्रमाला जातो आणि आम्ही इकडे तिळाच्या वड्या थापतो.

ही तारीख आली फील्ड मार्शल करिअप्पांमुळे. 1949 साली ते सैन्याचे पहिले भारतीय सरसेनापती झाले आणि 14 जानेवारी 1953 ला निवृत्त झाले. त्या निवृत्तीची आठवण म्हणून 2016 पासून हा दिवस पाळतात. म्हणजे बघा, हा दिवस लढाईचा नाही, नोकरी पुरी करून घरी येण्याचा आहे. आम्हाला तो आवडतो तो यासाठीच.

आमच्याकडे घरी परतणं ही काही साधी गोष्ट नव्हती. अपशिंगे गाव तुम्हाला माहीत असेल, नावापुढं ‘मिलिटरी’ लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण गेले. तेव्हा ज्याचा माणूस परत आला, त्या घरानं काय मानलं असेल!

पण परत आल्यावरचं कुणी सांगत नाही. शिपाई बहुतेक वेळा पस्तिशी-चाळिशीत घरी येतो. मुलांना बाप माहीत असतो तो रजेपुरता. घर, शेत, सासू-सासरे, शाळेची फी, सगळं बाईनं एकटीनं सांभाळलेलं असतं, आणि आता पहाटे पाचला चहा मागणारा आणि चादरीच्या घड्या तपासणारा एक माणूस घरात असतो. हसू येतं, पण रुळायला वर्ष-दोन वर्षं जातात. त्यालाही आणि आपल्यालाही.

आता मुद्द्याचं. त्याची नोकरी संपते, पण आपलं नाव लष्कराच्या दप्तरात कायम असतं. ते तिथं कसं लिहिलंय, हे किती जणींना ठाऊक आहे? लग्न झाल्यावर त्यानं युनिटमध्ये कळवलं, कारकुनानं लिहून घेतलं, त्याला ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात. मराठा रेजिमेंटचा माणूस असेल तर ते दप्तर बेळगावला. आता आपल्याकडची रीत आठवा. माहेरचं नाव एक, लग्नात तांदळात लिहिलेलं दुसरं, आधार कार्डावर तिसरंच. जन्मतारीख तर कित्येकींची मास्तरांनी अंदाजानं घातलेली. तो आहे तोवर हे कुणाला टोचत नाही. तो गेल्यावर मात्र फॅमिली पेन्शन मागायला जाल, तर कागदावरची बाई आणि समोरची बाई एकच आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. आमच्यातली एक जण प्रतिज्ञापत्र आणि दाखले घेऊन दीड वर्ष हेलपाटे घालत होती. तिच्या नावातलं एक अक्षर चुकलं होतं, बस्स.

म्हणून पेटी उघडायची ती तो असतानाच. डिस्चार्ज बुक काढा. पेन्शनचा हुकूम, म्हणजे पीपीओ, काढा. त्यावर आपलं नाव आणि जन्मतारीख आधारशी जुळते का, अक्षर न् अक्षर बघा. जुळत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दोघांनी मिळून जा. दुरुस्तीचा अर्ज त्याच्या सहीनं सोपा जातो. पेन्शनचं खातं दोघांच्या नावावर असू द्या. आणि पेन्शन आता ‘स्पर्श’वर ऑनलाइन आली असेल, तर त्यात दिलेला मोबाइल नंबर कुणाचा, हेही विचारा. पुष्कळदा तो पुण्याला राहणाऱ्या पुतण्याचा निघतो! वर्षाकाठी हयातीचा दाखला द्यायचा असतो, तो चुकला की पेन्शन थांबते. नवरा गेल्यावर फॅमिली पेन्शनसाठी मृत्यूचा दाखला देऊन कळवावं लागतं, हेही माहीत असू द्या.

‘असलं अभद्र सणाच्या दिवशी कशाला’ असं म्हणणाऱ्या आमच्याही घरात आहेत. आम्ही ऐकून घेतो आणि पेटी उघडतोच.

आणखी एक. हळदी-कुंकवाला आम्ही सैनिकांच्या विधवांनाही बोलावतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं 2022 साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्यानंतर आमच्यातल्या काहींना धीर आला. पहिल्या वर्षी दोघी जणी दारातूनच परत गेल्या. गेल्या वर्षी सात जणी आत येऊन बसल्या. कागदपत्रांचं खरं ज्ञान त्यांच्याकडेच होतं. कुठल्या खिडकीला काय मागतात, कुठली झेरॉक्स आधीच काढून ठेवावी, हे त्यांनी सांगितलं आणि बाकीच्या लिहून घेत राहिल्या.

यंदा वाण म्हणून वाट्या-डबे नको असं ठरलं आहे. प्रत्येकीला चेन लागणारी प्लॅस्टिकची फाइल लुटणार आहोत. येताना पीपीओची झेरॉक्स आणि आधार कार्ड आणा, तिथंच एकमेकींची नावं ताडून बघू.