बधिर पायांची वेदना

ज्या पायाला विस्तवाचा चटका कळत नाहीं तोच पाय रात्रभर जळतो, असें कोणी सांगितलें तर ऐकणारास तें ढोंग वाटतें. जन्मतः पाठीचा कणा दुभंगलेला, म्हणजे ‘स्पायना बिफिडा’ असलेल्या प्रौढ माणसांच्या वांट्यास हाच अविश्वास येतो. आणि तो पुष्कळदां घरच्यांकडूनच येतो. म्हणून या विषयाचा विचार कुटुंबांत व्हावा असें आम्हांस वाटतें.

गर्भ अवघा चार आठवड्यांचा असतांना मज्जारज्जूची नळी मिटावयाची असते. ती कोठें उघडी राहिली कीं तेथील व त्याखालील मज्जातंतु दुबळे होतात. पूर्वी अशीं मुलें क्वचितच वाढत. १९५६ च्या सुमारास अमेरिकेंत जॉन होल्टर या तंत्रज्ञानें, याच व्याधीच्या आपल्या मुलासाठीं, मेंदूंत सांचणारें पाणी वाहून नेणारी झडप तयार केली. पुढें शस्त्रक्रियाहि सुधारल्या, आणि आज अशीं कित्येक माणसें चाळिशी-पन्नाशी गांठतात.

मग बधिर पाय दुखतो कसा? वेदना पायांत भासली तरी ती उपजते बिघडलेल्या मज्जातंतूंत. पूर्वीच्या तारायंत्राची तार मध्येंच नादुरुस्त झाली म्हणजे पलीकडून कोणी संदेश न धाडतांहि यंत्र कडकडत राही, तसेंच हें आहे.

मात्र प्रत्येक कळ जुनीच समजूं नये. नव्यानें उठलेली वा वाढत जाणारी कळ, चालण्यांत फरक, लघवी-शौचाच्या संवयींत बदल, हीं मज्जारज्जु खालीं जखडून ताणला जात असल्याचीं चिन्हें असूं शकतात. डोकेदुखी व ओकारी असल्यास झडप तुंबली आहे काय, हें तातडीनें पाहावें.

आमच्या घरांतून दुखण्यावर पहिला उपाय म्हणजे शेक. येथें तोच घातक! बधिर कातडीस गरम पिशवीनें फोड येतो, तो कळत नाहीं, आणि जखम महिनोंमहिने भरत नाहीं. मराठवाड्याच्या वैशाखांत तापलेल्या फरशीवर अनवाणी पाऊल टाकणेंहि तसेंच. दुकानांतून आणलेल्या नेहमींच्या वेदनाशामक गोळ्या या कळेस फारशा लागू पडत नाहींत. उलट कित्येकांचीं मूत्रपिंडें आधींच नाजूक असल्यानें अपाय होतो. अमिट्रिप्टिलिन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन हीं औषधें निराळीं. पण तीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें, मूत्रपिंडें तपासूनच घ्यावयाचीं.

नांदेडास विष्णुपुरीचें डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातुरास विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. तपासणीचा आरंभ तेथें करतां येतो. अडचण अशी कीं, लहानपणीं मुलांचे शल्यविशारद सर्व पाहतात. मोठेपणीं तोच माणूस मूत्रविकार, अस्थिविकार, मज्जाविकार अशा निरनिराळ्या दारांतून फिरतो. यासाठीं घरांतील कोणी तरी एकानें सर्व कागद जपावे आणि एक वही ठेवावी: कळ केव्हां उठली, कशानें वाढली, किती वेळ टिकली.

वडीलधाऱ्यांस एक विनंति. आईनें ग्रहणांत कांहीं चिरलें म्हणून असें मूल झालें, हा दोष तिच्या माथीं मारूं नये. खरी काळजी निराळी आहे. गर्भधारणेच्या आधींपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावें. असें मूल पूर्वी झालेल्या मातेस याहून मोठी मात्रा लागते. ती डॉक्टरांस विचारावी. १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणींत, अशा मातांच्या पुढील अपत्यांत हा दोष ७२ टक्क्यांनीं घटल्याचें दिसलें.

आणि घरांतला तो मुलगा किंवा ती मुलगी ‘आज पाय जळतात’ असें म्हणाली, तर ‘तुला कसें कळतें?’ असें न विचारतां, वही घेऊन जवळ बसावें. उपचाराचा आरंभ तेथूनच होतो.