शत्रूही आपणच रंगवायचा

दिवाळी जवळ आली की बेळगावच्या गल्ल्यागल्ल्यांतून दगड, माती आणि पोत्यांचे ढीग दिसू लागतात. किल्ला उभा राहतो, सिंहासनावर महाराज बसतात, बुरुजांवर मातीचे मावळे पहारा देऊ लागतात. सगळी फौज आपली. अफझलखानाच्या भेटीचा देखावा सोडला तर समोरचे सैन्य सहसा कोणी मांडत नाही.

गेली काही वर्षे मला लागलेल्या छंदात मात्र हे चालत नाही. इतिहासातल्या एखाद्या लढाईतील सैनिकांचे इवलेसे पुतळे रंगवायचे आणि मोठ्या टेबलावर मांडून ती लढाई खेळायची, असा हा छंद. किती पावले पुढे सरकायचे ते टेपने मोजतात, गोळी लागली की नाही ते फासे ठरवतात. खेळायला दोन सैन्ये लागतात, आणि जोडीदार नवखा असला तर दोन्ही आपल्यालाच रंगवावी लागतात.

या खेळाचे मूळ आपल्याला परके नाही. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ यांचा आपला चतुरंग बुद्धिबळ होऊन युरोपात गेला. बुद्धिबळाच्या पटावरून नकाशाच्या पटावर यायला बराच काळ लागला. प्रशियाच्या रायस्वित्झ नावाच्या अधिकाऱ्याने १८२४ साली लष्करी अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स या कादंबरीकाराने ‘लिट्ल वॉर्स’ हे पुस्तक लिहून हा खेळ घरच्या दिवाणखान्यात आणला. आज सर्वांत लोकप्रिय पुतळा २८ मिलिमीटरचा, म्हणजे अंगठ्याच्या पेरापेक्षा जरासा उंच. इंग्लंडमधले काही छोटे कारखाने मराठा सैन्याचे पुतळेही ओततात.

रंगकाम ऐकायला सोपे आहे. पुतळ्यावरची साच्याची रेघ चाकूने खरवडायची, साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवायचा आणि प्रायमरचा हात द्यायचा. मग मूळ रंग, पण पातळ करून दोनदा. त्यावर गडद रंगाचे पाणी सोडले की ते कापडाच्या चुण्यांत उतरते आणि सावली आपोआप पडते. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर फिकट रंग घासायचा. एकेक शिपाई पुरा करत बसण्यापेक्षा आठ-दहा जण ओळीने घेऊन आधी सगळ्यांचे डगले, मग सगळ्यांच्या पगड्या असे केले तर काम उरकते. ब्रश फार बारीक नको. ० किंवा १ नंबरचा, पण टोक शाबूत असलेला हवा. आमच्या वयाच्या मंडळींनी चाळिशीचा चष्मा विसरू नये. आणि बेळगावच्या पावसाळ्यात स्प्रेचे वॉर्निश मारू नये, दमट हवेत त्यावर पांढुरकी साय धरते.

मी इतिहास शिकवतो, म्हणून लढाई निवडली असईची. २३ सप्टेंबर १८०३ रोजी, आजच्या जालना जिल्ह्यात, दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजेवर आर्थर वेलस्लीने हल्ला केला. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. वर्गात ही लढाई मी ‘मराठे विरुद्ध इंग्रज’ अशा एका ओळीत शिकवतो. रंग काढून बसल्यावर ती ओळ पुरत नाही, कारण प्रत्येक पुतळ्यापाशी विचारावे लागते, हा माणूस कोण आणि याने काय घातले होते?

वेलस्लीकडे गोऱ्यांच्या पलटणी थोड्याच. बहुतेक पायदळ मद्रास इलाख्यातल्या शिपायांचे. लाल डगला, मांडीपर्यंतची पांढरी चड्डी, तिच्या काठाला निळी नक्षी, पायांत चपला. समोर शिंद्यांचे कवायती कंपू. त्यांतले शिपाई मुख्यतः अवध आणि दोआबाकडचे, सेनापती पोलमन हा जर्मनीतल्या हानोव्हरचा, तर काही पलटणी सरधन्याच्या बेगम समरूच्या. अंगात डगला पुन्हा लालच! एकाच बाटलीतला रंग दोन्ही बाजूंना लागतो.

घोडदळाकडे वळले की गुंता आणखी वाढतो. वेलस्लीच्या मदतीला म्हैसूरचे शिलेदार होते आणि पेशव्यांचे मराठा स्वारही होते. त्या मोहिमेत पेशव्यांकडून गेलेल्या सरदारांत बापू गोखले यांच्या जोडीला आपल्या निपाणीचे आप्पा देसाई होते. या स्वारांना गणवेश नव्हता. ज्याचा त्याचा अंगरखा, ज्याची त्याची पगडी. त्यामुळे भाला घेतलेला एक मराठा स्वार रंगवून झाला की तो शिंद्यांचा की पेशव्यांचा हे रंगावरून सांगता येत नाही. टेबलाच्या ज्या बाजूला ठेवाल, त्या बाजूचा.

माझी सासुरवाडी धारवाडची. सुटीत आलेली मेहुण्याची मुलगी एकदा हे सगळे निरखत होती. तिने विचारले, “नम्मवरु यारु, मामा?” म्हणजे, यातले आपले कोण? माझा मुलगा चटकन म्हणाला, “शिंदे.” ती म्हणाली, “मग म्हैसूरवाले?” दोघेही माझ्याकडे पाहू लागले. मी त्यांच्यापुढे बारा घोडेस्वार आणि रंगांच्या बाटल्या ठेवल्या. संध्याकाळपर्यंत हिरव्या, केशरी, जांभळ्या पगड्यांचे बारा स्वार तयार झाले आणि खेळताना त्यांनी ते सहा-सहा वाटून घेतले. पुन्हा तो प्रश्न निघाला नाही.

मी स्वतः सर्वांत जास्त वेळ दिला तो शिंद्यांच्या गोलंदाजांना. इंग्रजांनी त्या दिवशी ९८ तोफा काबीज केल्या, पण गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत, जागेवर कापले गेले. काहींनी तर मेल्याचे सोंग घेऊन, शत्रू पुढे जाताच तोफा त्याच्याच पाठीवर वळवल्या. समोरच्या ७४व्या हायलँडर पलटणीचीही धूळधाण झाली.

इंग्रजी बाजूचे ४२८ ठार आणि ११३८ जखमी झाले. आमच्या खेळात एक पुतळा म्हणजे ५० माणसे. त्या हिशेबाने एका बाजूचे ३१ पुतळे उचलावे लागतात. शिंदे-भोसल्यांचे १२०० जण रणात पडल्याचे वेलस्लीने कळवले होते, ते झाले आणखी २४. एका पुतळ्याला माझा दीड तास जातो. कोणाच्या पगडीचा काठ दुसऱ्यांदा ओढावा लागला, हे लक्षात असते. तो पुतळा हातात घेऊन बाजूला ठेवताना वर्गात सहज उच्चारलेला आकडा जड होतो. मुलेही तेव्हा आरडाओरडा करत नाहीत, मोजत बसतात.

छंद खर्चिक आहे, पण सुरुवात जपून करता येते. पुतळे नसले तर मातीचे मावळे चालतील. अ‍ॅक्रिलिकचे सहा-सात रंग, दोन ब्रश, बैठकीला फेव्हिकॉल आणि चाळलेली वाळू एवढे पुरे. आधी दहाच शिपाई घ्यावेत, पाच एका बाजूचे आणि पाच दुसऱ्या बाजूचे, आणि दहाही जणांना सारखाच वेळ द्यावा.