सौरशाई : स्वस्त कच्चा माल आणि व्यापाराचा हिशेब

जुन्या मोंढ्यातील दुकान असो वा वाळूजचा कारखाना, छतांवर दिसणारी सौर पॅनेल बहुतेक सिलिकॉनची असतात. सिलिकॉन वाळूतून मिळते. परंतु ते शुद्ध करून त्याचे स्फटिक वाढविण्यास फार मोठी ऊर्जा खर्ची पडते. पर्याय म्हणून केसाहूनही कितीतरी पातळ थराचे सौरघट निघाले. त्यांना लागणारे इंडियम आणि टेल्यूरियम मात्र दुर्मीळ आहेत.

म्हणून संशोधक तांबे, जस्त, कथील व गंधक यांच्या संयुगाकडे वळले. पितळ आणि कल्हई यांमुळे हे धातू आपल्या बाजारपेठेला पिढ्यान्‌पिढ्या परिचित आहेत. या संयुगाच्या थरावर प्रकाश पडला की विद्युतदाब निर्माण होतो, हे जपानमधील शिन्शू विद्यापीठाच्या इतो व नाकाझावा यांनी १९८८ मध्ये दाखविले.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात, आयआयटी कानपूरचे माजी विद्यार्थी राकेश अग्रवाल आणि ह्यू हिलहाउस यांच्या गटाने या संयुगाची शाई केली. धातूंचे क्षार व गंधक तेलकट द्रवात तापविले की अतिसूक्ष्म स्फटिककण तयार होतात. ते धुऊन द्रावकात मिसळायचे, काचेवर लेप द्यायचा आणि सेलेनियमच्या वाफेत तापवून कण एकजीव करायचे. २०१० मध्ये अशा घटाची कार्यक्षमता ७.२ टक्के भरली. आपल्याकडे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात प्रा. पी. एस. पाटील यांच्या गटाने, काच धातूंच्या आणि गंधकाच्या द्रावणांत आळीपाळीने बुडवून असाच थर तयार केला. या पद्धतीस महागडे निर्वात यंत्र लागत नाही.

मग हा माल बाजारात का नाही? तांबे व जस्त यांचे अणू जवळजवळ सारख्याच आकाराचे असल्याने ते एकमेकांची जागा घेतात आणि विद्युतदाब घटतो. परिणामी प्रयोगशाळेतील लहान घटांचीही कार्यक्षमता अलीकडे कुठे १५ टक्क्यांच्या आसपास पोहोचली आहे.

येथे व्यापाऱ्याचा हिशेब कामी येतो. भर उन्हात एक किलोवॉट विजेसाठी २० टक्के कार्यक्षमतेचे पॅनेल ५ चौरस मीटर जागा घेते, तर १० टक्क्यांचे १० चौरस मीटर. काच, सांगाडा व मजुरी यांचा खर्च जवळपास दुप्पट होतो आणि शाईतील बचत त्यात विरून जाते. केवळ कच्चा माल स्वस्त, एवढ्यावर बँकही कर्ज मंजूर करीत नाही.

तेव्हा ज्यांना आज छतावर सौरसंच बसवायचा आहे, त्यांनी या शाईसाठी थांबू नये. उद्या कोणी या उद्योगात भांडवल मागावयास आलाच, तर त्याला तीन प्रश्न अवश्य विचारावेत : पूर्ण आकाराच्या पॅनेलची कार्यक्षमता किती, ते उन्हापावसात किती वर्षे तपासले आहे, आणि हमी कोण देणार?