लुटुपुटीचा दरोडा, खरी परीक्षा



बँकेत असताना आम्हाला अचानक तपासणीची सवय होती. अधिकारी न कळवता यायचे आणि आल्या आल्या तिजोरीतली रोकड मोजायला घ्यायचे. राग यायचा, पण त्या धाकानेच किल्ल्या नीट सांभाळल्या जायच्या. संगणकावरच्या कारभारालाही अशी तपासणी लागते. संस्थेच्या लेखी परवानगीने तज्ज्ञ मंडळीच चोर बनून हल्ला करतात. याला ‘रेड टीम’ चाचणी म्हणतात.

ती का हवी, हे पुण्याच्या कॉसमॉस बँकेने दाखवले. 11 ऑगस्ट 2018, दुसरा शनिवार, बँकेला सुटी. एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेसारखीच बनावट यंत्रणा चोरांनी उभी केली. खात्यात शिल्लक आहे का, हे मूळ यंत्रणेला विचारलेच गेले नाही. बनावट कार्डांवर 28 देशांत पैसे निघाले. काही तर आपल्या शेजारच्या कोल्हापुरातूनही. 13 तारखेला स्विफ्टमार्गे सुमारे 14 कोटी हाँगकाँगला गेले. एकूण फटका सुमारे 94 कोटींचा.

चाचणीत कर्मचाऱ्याला खोटे बिल जोडलेला ईमेल येतो, किंवा ‘मुख्य कार्यालयातून बोलतोय’ म्हणत कोणी पासवर्ड विचारतो. एखादा फसला, तर तिथून आत कुठवर जाता येते ते पाहतात. कोणाच्या लक्षात आले, किती वेळात आले, सुटीच्या दिवशी फोन कोणी उचलला, याची नोंद होते. खातेदाराच्या पैशाला हात लावायचा नाही, हे आधीच ठरलेले असते. मग अहवाल, दुरुस्ती आणि पुन्हा चाचणी. फसलेल्या क्लार्कला शिक्षा करणे हा हेतू नसतो.

रिझर्व्ह बँकेने 31 डिसेंबर 2019 रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेचे चार स्तर ठरवले. पण चिकोडी-निपाणी भागात आपल्या कितीतरी घरांच्या ठेवी पतसंस्था आणि सौहार्द संस्थांत आहेत. त्यांना हे नियम लागू नाहीत. तिथे विचारणारे आपणच.

म्हणून येत्या वार्षिक सभेत लाभांशाबरोबर तीन प्रश्न विचारावेत: बाहेरच्या तज्ज्ञांकडून चाचणी कधी झाली? किती त्रुटी सापडल्या? त्यांतल्या किती दुरुस्त झाल्या? त्रुटी नेमक्या कोणत्या, हे सभेत विचारू नये; ते चोरालाही ऐकू जाते.

आम्ही आमच्या संस्थेत विचारणार आहोत. आपणही विचारावे.